अकरा ट्रॅक्टरांची बीएमडब्ल्यू

"पायली का गुरुजी, अडत्याच्या पोट्ट्यानं आनली ते?"

तात्यांनी मेंदीच्या कुंपणावरून विचारलं, पण मला पाहायची गरजच नव्हती. मी ऐकली होती. आख्ख्या गल्लीनं ऐकली होती. रात्री अकरानंतर वाशिमच्या आमच्या भागात कुत्री भुंकतात आणि अकोला–पूर्णा मार्गावरची एखादी गाडी भोंगा देते, एवढंच. त्यात हा घुमणारा, पोटातून येणारा आवाज. आधी वाटलं, कुणाच्या लग्नातला डीजे परतला.

"कितीले पडली?" वहिनी तुरीचं सूप तसंच हातात धरून कुंपणाशी आल्या. गल्लीतला खरा प्रश्न हाच असतो. रंग, मॉडेल वगैरे नंतर. तोवर तीन आकडे फिरून झाले होते. किराणा दुकानात अठरा लाख, चक्कीवर तीस, आणि खुद्द पोराच्या आईनं सांगितलेला आकडा असा की तेवढ्यात नवी साधी गाडीही धड येऊ नये. पोरानं आईला सांगितलेला आकडा नेहमी सर्वांत लहान असतो, हे मला शाळेच्या सहलीच्या वर्गणीपासून ठाऊक आहे.

गाडी बीएमडब्ल्यू एम-फाइव्ह. 2013 चं मॉडेल, दिल्लीचा नंबर. तात्या एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सकाळी सहालाच बॉनेट उघडायला लावून आले होते.

"आठ सिलिंडर, चार पॉइंट चार लिटर, दोन टर्बो. पाचशे साठ एचपी! आपल्या इकडचा ट्रॅक्टर पन्नासचा धरा. अकरा ट्रॅक्टर बसवले हायेत एका बॉनेटखाली."

"अन् वखर एकालेबी जोडता येत नाई," वहिनी म्हणाल्या.

तात्यांनी दुर्लक्ष केलं. थांबलेली गाडी साडेचार सेकंदांच्या आत शंभराचा वेग घेते, असं ते सांगत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक गंमत सांगू? आत बसल्यावर इंजिनचा जो आवाज येते ना, तो स्पीकरमधून येते." मला ती थापच वाटली. पण ते खरं आहे. या पिढीची केबिन कंपनीनं इतकी बंदिस्त केली की चालवणाऱ्याला इंजिन ऐकू येईना. म्हणून गाडीच्याच साउंड सिस्टिममधून तो आवाज आत पुरवला. कोटभर रुपयांच्या गाडीत आवाजाची वाजंत्री! बाहेर गल्लीला ऐकू येतो तो मात्र अस्सल, सायलेन्सरचा.

"पन कोटभराची गाडी एवढ्या स्वस्तात देते कोन? चोरीची तं नाई?" वहिनींचा दुसरा प्रश्न.

चोरीची नाही. दिल्लीची आहे, एवढं कारण पुरतं. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवू नये, असा हरित लवादाचा आदेश आला आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. पुढे त्यावर बरीच उलटसुलट झाली, 2025 मध्ये तर जुन्या गाड्यांना पंपावर इंधन देऊ नये इथपर्यंत गोष्ट गेली आणि लगेच मागेही आली. पण बाजाराला शेवटचा निकाल लागत नाही, भीती पुरते. मुदत जवळ आली की तिथला मालक मिळेल त्या भावाला गाडी सोडतो आणि ती महाराष्ट्रात, तेलंगणात कुठेतरी उतरते. या पोराची पेट्रोल आहे, म्हणजे 2028 पर्यंत तिथंही चालली असती. तरी भाव पडलाच.

"मराठवाड्यात काय कमी होत्या का अशा गाड्या?" तात्या म्हणाले, आणि मला हवा तो विषय निघाला.

ऑक्टोबर 2010. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा. आपण सोयाबीनचं बी मिळून घेतलं की दुकानदार दोन रुपये सोडतो, तसंच हे, फक्त दुकानदार जर्मन. मुंबई-पुण्याबाहेर पैसा आहे हे दाखवून द्यायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. देशभर कौतुक झालं. त्यावर पी. साईनाथांनी 'द हिंदू'त लिहिलेला लेख मात्र माझ्या मनातून गेला नाही. या गाड्यांसाठी स्टेट बँकेनं सात टक्क्यांनी कर्ज दिलं आणि त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्क्यांच्या पुढे व्याज होतं, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडलं होतं.

"म्हंजे वखर ओढनाऱ्याले जास्त अन् मिरवनाऱ्याले कमी," वहिनी म्हणाल्या. यावर मी काय बोलणार? तात्याही गप्प राहिले, आणि तात्या गप्प राहणं ही गल्लीत बातमी असते.

आता त्या दीडशे गाड्यांचं गणित पाहा. 2010 च्या गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन 2025 मध्ये संपतं. पुढं चालवायची तर आरटीओकडून तपासणी, पाच वर्षांचं नूतनीकरण, त्याचं पाच हजार शुल्क, वर पर्यावरण कर. ज्यानं नवी घेतली त्याच्या हातात ती गाडी आता क्वचितच असेल. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडून आपल्यासारख्याच्या जिल्ह्यात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर अंतरच उरलं नाही. नागपूर–शिर्डी डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, पाच जून 2025 ला आमणेपर्यंत पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून तो जातो. शेलूबाजारला चढलं की संभाजीनगरचा दलाल दुपारच्या जेवणाआधी गाठता येतो.

"समृद्धीसाठीच घेतली म्हनते पोट्टा," तात्या म्हणाले. "मी म्हनलं, बाबू, तिथं मोटारीले एकशेवीसची मर्यादा हाये, घाटात शंभर. तुह्या गाडीले कंपनीनं अडीचशेवर लगाम घातला हाये. उरलेले एकशेतीस तू कुठं चालवनार? पोहरादेवीच्या यात्रेत?"

इथून तात्या खरे सुटले. हातातला चहा थंड झाला तरी त्यांना भान नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या उघडल्या, त्याचं ऐकावं.

त्यांचं पहिलं म्हणणं टायरींबद्दल. या गाडीच्या पुढच्या टायरी 265 च्या आणि मागच्या 295 च्या. म्हणजे पुढची मागं घालता येत नाही, मागची पुढं येत नाही, अदलाबदल करून आयुष्य वाढवायचा आपला जुना उपाय इथं बाद. स्टेपनी तर नाहीच. टायरीच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पोरानं ते पाहिले नव्हते. तात्यांनी पाहिले. नक्षी जाड, पण रबर जुनं आणि कडक. दिल्लीत गाडी नुसती उभी होती, हे त्यावरूनच कळलं. समृद्धीचं तापलेलं काँक्रीट, जुनं रबर आणि एकशेवीसचा वेग ही तीन एकत्र आली की काय होतं ते वर्तमानपत्रात आपण वाचतोच.

दुसरं, मीटर. चाळीस हजार किलोमीटर दाखवतं. दाखवेल. मीटर मागं नेणं हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त खर्च. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारलं की कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर गाडी आली होती ते निघतं. स्टिअरिंगची साल, ब्रेक पॅडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड या तिघांची साक्ष मीटरशी जुळली पाहिजे. मग स्कॅनर. सौद्याच्या आधी कुणी मुद्दाम एरर पुसून टाकले असतील तर ते पुन्हा उगवायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटांची चक्कर पुरत नाही. तासभर चालवायची, पार गरम होऊ द्यायची, बंद करून पुन्हा चालू करायची.

"अन् पानी," तात्या म्हणाले. "सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढून पाहाचा. तळाशी चिखलाची रेघ दिसली का गाडी पुरातली. डिक्कीतला गालिचा उचलून वास घ्याचा." मुंबईचा 26 जुलै 2005 चा पूर असो की 2015 चा चेन्नईचा, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांच्या लिलावातून निघतात, धुऊन पुसून कुठंतरी दूर विकल्या जातात. आणि या गाड्यांत इंजिनाइतकंच महत्त्व वायरिंगला. पाण्यानं वायरिंग एकदा कुजायला लागलं की दर महिन्याला नवा दिवा पेटतो.

मी मध्येच विचारलं, "मग दुरुस्तीला कुठं जाणार तो?"

"नाहीतं नागपूर, नाहीतं संभाजीनगर. तेबी चालत गेली तं. नाई गेली तं ट्रकवर चढवून. जातानाचा टोल येगळा, किलोमीटरले दोन रुपये सहा पैशे." मग ते सांगू लागले की गाडीचा भाव दर वर्षी पडतो, पण तिच्या सुट्या भागाचा भाव पडत नाही. कोटभराची गाडी वीस लाखांवर आली म्हणून तिचा टर्बो, गिअरबॉक्स, ब्रेकची डिस्क वीस लाखांच्या गाडीची होत नाही. ते कोटभराचंच राहतं. पोरगं गाडीचा हप्ता मोजत होतं. तात्यांना मोजायचा होता तो तिचा संसार.

पेट्रोलचं वहिनींनी मोजलं. टाकी ऐंशी लिटरची, लिटर शंभराच्या वर, म्हणजे एका भरणीला आठ हजारांहून जास्त. गावात लिटरला पाच-सहा किलोमीटर गेली तरी नशीब. सोयाबीनचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328. "दीड क्विंटल वतले का एक टाकी," त्या म्हणाल्या, आणि सूप पाखडायला लागल्या. शिवाय पंपावरच्या पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल. 2013 ची ही गाडी बनली तेव्हा दहा टक्क्यांपर्यंतचाच हिशेब धरलेला.

कागदांचा विषय माझा. निवृत्तीनंतर शेजाऱ्यांचे अर्ज भरून देणं हाच माझा उद्योग. दिल्लीच्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म 28. मग 29 आणि 30. जुन्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची सही असलेला 35. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि त्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. नंबरावर जुनी ई-चलानं किती आहेत ते पैसे देण्याआधी पाहायचं. एमएच 37 लावायचा तर महाराष्ट्राचा रस्ता कर नव्यानं भरावा लागतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला इथं दर तेरा टक्के, बाहेरून आयात केलेलीला त्याहून जास्त. वयाप्रमाणे तो कमी होतो खरा, पण हिशेब सुरू होतो गाडीच्या मूळ किमतीपासून, पोरानं दिलेल्या किमतीपासून नव्हे. एम-फाइव्ह आयात केलेली गाडी आहे. दलालानं हे त्याला सांगितलं नव्हतं. दलाल कशाला सांगेल?

घासाघीस करायला मात्र जागा होती, ती पोरानं दवडली. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून पन्नासच्या आसपास होता, तो चाळीस टक्के झाला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरलाच पाहिजे. दलालापुढं हे एक वाक्य बोलायचं असतं.

"मंग काय घ्याले पायजे होतं त्यानं?" वहिनींनी शेवटी नेमकं विचारलं.

तात्यांचं उत्तर तयार होतं. जोरच हवा होता तर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 2017 ची. 230 अश्वशक्ती, आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, आणि बरेचसे भाग साध्या ऑक्टाव्हियाचेच. मिळायला कठीण, पण पोसायला सोपी. जर्मन नावच हवं असेल तर त्या कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दालनं आहेत, तपासून आणि वॉरंटी देऊन विकतात. चार पैसे जास्त जातात. जाऊ द्यावेत.

माझं मत तात्यांहून थोडं वेगळं आहे. एम-फाइव्ह घेऊच नये असं मी म्हणणार नाही. हौसेला मोल असतं आणि ते पोर कष्टानं कमावतं. पण ज्यांच्या डोक्यात हे वाचताना असाच एखादा दिल्लीचा नंबर फिरत असेल त्यांनी एवढं करा. गाडीच्या किमतीच्या निदान चौथाई रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा, आणि सर्व्हिसचा पूर्ण इतिहास हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. यातलं एक जरी जमत नसेल तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही, दलाल कितीही कमी आकडा सांगो.