हत्तीला विमानाचं तिकीट

व्यंगचित्रांच्या प्रदर्शनात एक खेळ हमखास रंगतो. जगप्रसिद्ध चित्रकार उचलायचा आणि आपल्या शहरात आणून सोडायचा. कानाला पट्टी बांधलेला व्हॅन गॉग विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला. पिकासो मंडईत घासाघीस करतोय आणि भाजीवालीचे दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला. दाली सरकारी कचेरीत, समोर भिंतीवरून ओघळणारं घड्याळ. (त्यात कल्पना कुठली, तिथलं घड्याळ तसंच असतं.) प्रेक्षक खुदखुदतात, फोटो काढतात, अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम' लिहितात आणि जेवायला जातात.

खुदखुदावं जरूर. पण या विषयात व्यंगचित्रकाराची पंचाईत अशी, की खरं घडलेलं त्याच्या ब्रशच्या चार पावलं पुढं असतं.

दालीचंच घ्या. तो आपल्याकडं आलाच नाही, आपण त्याच्याकडं गेलो. 1967 साली एअर इंडियानं त्याच्याकडून खास पाहुण्या-प्रवाशांना भेट द्यायला अ‍ॅशट्रे करून घेतला. चिनी मातीचा, कडेनं साप, खाली हंस आणि हत्ती. हत्तीचं डोकं उलटं धरलं की हंस दिसतो, हंस उलटा केला की हत्ती. मोबदला काय? दालीनं हत्तीचं पिल्लू मागितलं. एअर इंडियानं नाही म्हटलं नाही. बेंगळुरूहून पिल्लू निघालं, सोबत माहूत, विमानानं जिनिव्हा आणि तिथून ट्रकनं स्पेनमधलं काडाकेस. पुढं त्याची रवानगी व्हॅलेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात झाली. आता त्या फायलीचा विचार करा. खर्च कुठल्या सदराखाली टाकला असेल? 'मानधन'? 'स्टेशनरी'? ऑडिटवाल्यानं शेरा काय मारला असेल? ज्या कंपनीचा चेहराच एक कार्टून, 1946 साली बॉबी कूका आणि उमेश राव यांनी घडवलेला तो मिशाळ, कमरेत वाकलेला महाराजा, तिला अर्थात हे शोभून दिसलं. दोन्हीकडच्या मिशा जुळल्या.

तेव्हा परक्या चित्रकाराच्या बाबतीत आपण दिलदार. घरचा असला की मात्र पायताण बघतो, असलं तर आणि नसलं तर विशेष. पंढरपूरचा जन्म, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलेला माणूस, मकबूल फिदा हुसेन, पायात काही घालत नसे. म्हणून दक्षिण मुंबईतल्या एका क्लबानं त्याला आत घेतलं नाही. पद्मभूषण चाललं, अनवाणी पाय चालेनात. राज्यसभेनं मात्र घेतलं. तिथं हा गृहस्थ भाषणं करण्याऐवजी सभासदांची रेखाटनं करत बसला. व्यंगचित्रकारांच्या धंद्यात उघड उघड घुसखोरी!

पुढचं ठाऊकच आहे. हिंदू देवींची नग्न रूपातली जुनी चित्रं उकरून काढली, 1998 साली मुंबईतल्या घरात घुसून मोडतोड झाली, गावोगावच्या कोर्टांत खटले पडले. दालीला आपण हत्ती पाठवला होता, हुसेनना समन्स. 2006 मध्ये ते देशाबाहेर गेले. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं खटले रद्द केले, पण निकालाच्या कागदाला कुणाच्या दाराशी गस्त घालता येत नाही. 2010 मध्ये कतारचं नागरिकत्व, 2011 मध्ये लंडनला मृत्यू. मुंबई राहिली ती राहिलीच.

म्हणजे शहरभेटीची कल्पनाच करायची, तर खरा हक्क या माणसाचा. मी व्यंगचित्रकार असतो तर एवढंच प्रदर्शन लावलं असतं: 2006 नंतरच्या हुसेन यांच्या मुंबईभेटी. दादरला उतरलेले, हातात नेहमीचा हातभर लांबीचा कुंचला. टीसी तिकीट सोडून त्या कुंचल्यावर सामानाचा दंड लावतोय. इराण्याकडं पाव बशीत बुडवताना समोरच्या फ्लेक्सकडं बघतायत. फ्लेक्सवर वाढदिवसाचे अठ्ठावीस चेहरे आणि एकालाही मान नाही, जुन्या होर्डिंगवाल्याला ते बघवत नाही. क्लबाच्या फाटकावर रखवालदार ओळखून सलाम करतो आणि हळूच आपल्या चपला पुढं सरकवतो. शेवटची फ्रेम पंढरपुरात. दर्शनबारीत सगळेच अनवाणी, त्यामुळं यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही.

गॅलरी मिळेल का, एवढाच प्रश्न. मालक चहा मागवतील, चित्रं एकेक करून बघतील, हसतील, दाद देतील. मग आवाज खाली आणून विचारतील, पोलिसांना कळवलंय का? काचेचा विमा कोण भरणार? उद्घाटनाला कोण येतंय, त्यांना विषय सांगितलाय का? आणि आपण चित्रं गुंडाळायला लागलो की खांद्यावर हात ठेवून तोडगा सुचवतील: "असं करा ना, माणूस काढून टाका. नुसते त्यांच्या चित्रांतले घोडे ठेवा. घोड्यांना कुणाची हरकत नसते."