धूम्रवर्णविचार

पर्वतावर धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान नैयायिकांनी शतकानुशतके घोटले आणि सतराव्या शतकात अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त ते विद्यार्थ्यांसाठी नेटके मांडून ठेवले. मात्र त्या धुराचा रंग कोणता, ही चौकशी कोणी केली नाही, कारण पर्वताच्या दुरुस्तीचा खर्च कोणाच्याच खिशातून जाणार नव्हता. मोटारीच्या बाबतीत अग्नी सिद्ध करण्याचे प्रयोजनच उरत नाही. तो सिलिंडरमध्ये, म्हणजे ज्या पोकळीत पिस्टन खाली-वर होतो तिच्यात, मिनिटाला शेकडो वेळा पेटत असतो आणि निकोप इंजिनात तो धुराविना पेटतो. धुराविना अग्नी म्हणून न्यायशास्त्र तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देते आणि धूर निघायचा तर ओल्या सरपणाचा संयोग हवा, अशी पुस्ती जोडते. या अटीला तेथे 'उपाधी' म्हणतात. सायलेन्सरमागे वाकून उभ्या राहणाऱ्या मोटारमालकाला शोधायची असते ती हीच उपाधी: आत नको ते ओले शिरले आहे ते पाणी, ऑइल, की वाजवीपेक्षा जास्त इंधन?

पांढऱ्या धुराला भिणारे बहुतेक जण विनाकारण भितात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणी तयार होते. डिसेंबरातल्या पहाटे महाबळेश्वरी मुक्कामास गेलेल्या मोटारीच्या थंडगार सायलेन्सरातून ते वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि इंजिन तापले की दिसेनासे होते, पण तेवढ्यात मालकाने मेहुण्याला झोपेतून उठवून त्याचे मत घेतलेले असते. तापल्यावरही लोट थांबत नसेल, त्याला गोडसर वास येत असेल आणि कुलंट, म्हणजे इंजिन थंड राखणारा द्रव, कोठेही न गळता कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट उडाले असण्याची शक्यता असते. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्या सांध्यातून काही झिरपू नये म्हणून मध्ये जो पातळ पत्रा बसवतात, तो हा. यावर रोज सकाळी नळाचे पाणी ओतणे हा लोकमान्य उपचार असून तो इंजिन जाम होईपर्यंत गुणकारी ठरतो.

काळ्या धुराचे गूढ फारसे नाही: इंधन जास्त आणि हवा कमी, एवढेच त्याचे तात्पर्य. एअर फिल्टर धुळीने तुंबलेला असतो, डिझेल गाडीचे नोझल फवारा सोडण्याऐवजी ठिबकत असते, किंवा टर्बोचा पाइप फाटलेला असतो. पीयूसी केंद्रावर डिझेलच्या धुरातून प्रकाश पाठवून त्याची दाटी मोजतात. जुन्या गाड्यांना ६५ आणि बीएस-४ गाड्यांना ५० हार्ट्रिज एकके ही तिची मर्यादा आहे. ते यंत्र दाटी सांगते. रोगाचे नाव सांगणे त्याच्या कक्षेत येत नाही.

खरे पांडित्य पणाला लागते ते निळ्या धुरात. निळा रंग म्हणजे ऑइल जळते आहे, हे कोणीही सांगतो. ते कोणत्या वाटेने शिरले, हे रंगावरून कळत नाही, वेळेवरून कळते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा भपका सोडून शांत होत असेल, किंवा आंबा घाट उतरताना गिअरवर रोखून धरलेली पेट्रोल गाडी साखरप्याजवळच्या सपाटीवर अ‍ॅक्सिलरेटर दाबताक्षणी तो सोडत असेल, तर व्हॉल्वच्या दांड्यांवरची रबरी सीले कडक झाल्याचे समजावे. उतारावर सिलिंडरात निर्माण होणारी निर्वात ओढ त्यांच्या फटींतून ऑइल शोषून घेते. जोर लावला की सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनला वेढणाऱ्या आणि भिंतीवरचे ऑइल खरवडून काढणाऱ्या रिंगांवर संशय जातो. निर्णयासाठी स्पार्क प्लग काढून त्या भोकात दाबमापक लावावा; दाब कमी भरल्यास आत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा भिंतीचा, कारण त्या ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजवलेली असते. सीले बदलणे त्या मानाने किरकोळ काम असल्यामुळे काही मेस्त्री हा प्रयोग टाळून बॉनेट उघडण्याआधीच "साहेब, इंजिन खोलावं लागेल" हा निष्कर्ष जाहीर करतात, तर मालक डॅशबोर्डवरचा लाल दिवा अजून लागलेला नाही, या भरवशावर निश्चिंत असतो. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नसून दाब दाखवतो आणि पातळी इतकी खाली गेल्यावर उजळतो की त्याच्या उजेडात इंजिनाचे अंत्यदर्शनच घ्यावे.

या विद्येत सर्वाधिक पारंगत असतो तो जुनी गाडी विकणारा. तो आधी दाट ऑइल भरतो, त्यामुळे झिजलेल्या रिंगांतून ते कमी निसटते, आणि गिऱ्हाइकाला "या हो केव्हाही, फक्त निघताना एक फोन करा" असे अगत्याने बजावतो. फोन येताच तो गाडी सुरू करून सकाळचा भपका आधीच उरकून घेतो. म्हणून जाणत्या गिऱ्हाइकाने न कळवता जावे आणि रंगाची तारीफ करण्याच्या निमित्ताने बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट गरम लागल्यास विक्रेता मुलांना शाळेत सोडून आत्ताच आलो म्हणून सांगतो. तो दिवस बहुधा रविवार असतो.