अकरा जणांचा पेंग्विन

मूर्तिजापूरच्या माणसाला समुद्राची सवय नसते, स्टेशनाची असते. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, त्यामुळे बसल्या जागी अर्धा देश डोळ्यांसमोरून जातो. शिवाय शकुंतलेनं आम्हाला वाट पाहण्याचं पक्कं शिक्षण दिलेलं. वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला इंग्रज कंपनीनं टाकलेली ती नॅरोगेज. एक फाटा अचलपूरला, दुसरा ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला. १९२१ सालच्या मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनानं तिला १९९४ पर्यंत ओढलं, मग डिझेल आलं आणि पुढं तीही बंद पडली. सांगायचं एवढंच की आमच्याकडं प्रवास म्हणजे गाडी. ती जाते कुठं, हा मागाहूनचा प्रश्न. म्हणून चिरंजीवांनी मोबाइलवरून मान वर करून "मले डॉल्फिनचा शो पाहाचा हाये" असं जाहीर केलं, तेव्हा डॉल्फिन म्हणजे काय, हे घरात कोणी विचारलं नाही. मोठ्या बाबांनी विचारलं, "गाडी कोनती हाये?"

मोठे बाबा म्हणजे माझे थोरले काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाण्याशी संबंध असलेले सगळे विषय घरात त्यांच्याकडं जातात. नळ, टाकी, गळकं छत आणि आता डॉल्फिन.

मोबाइलवरचा तो डॉल्फिन परदेशातला होता. कड्यातून उडी मारत होता, नाकावर चेंडू तोलत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. मी चौकशी केली, तर आपल्या देशात असा खेळ भरवताच येत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं मे २०१३ मध्ये राज्यांना कळवून टाकलं की डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नका. कारण डॉल्फिन अतिशय बुद्धिमान आणि हळवा प्राणी आहे, त्याला कोंडून करमणुकीला जुंपणं बरोबर नाही. काही शास्त्रज्ञांच्या मते तर त्याला माणसाव्यतिरिक्तची 'व्यक्ती' मानायला हवं. मी हे वाचून दाखवलं. मोठ्या बाबांना त्यातलं काहीच खटकलं नाही.

"बुद्धिमान हाये म्हनून कामाले लावाचं नाई, हे बराबर हाये," ते म्हणाले. "आमच्या खात्यातबी असंच होतं."

आता तुरुंगातला डॉल्फिन नाही तर मोकळा तरी पाहू, म्हणून मी कोकण मांडलं. गुहागर, दापोलीजवळचं मुरूड-हर्णै, मालवणकडचं तारकर्ली. होडीतून आत जायचं, नशीब असेल तर डॉल्फिन पाठ दाखवतो. 'नशीब असेल तर' या तीन शब्दांवर भाऊ अडला. एवढे पैसे घालून पाठच पाहायची, तर ती तहसील कार्यालयात फुकट दिसते. मोठ्या मायची हरकत वेगळी होती. "बंडीतून पडलं तं मानूस उठून उभा ऱ्हायते. होडीतून पडलं तं कुठी उभं ऱ्हाचं?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सरकारपाशीही नसावं.

खरं तर त्याच सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीला, आपलं स्वतःचं 'सी-वर्ल्ड' होणार होतं. पर्यटन महामंडळाचा प्रकल्प. शेकडो एकर जमीन लागणार होती, गावकरी म्हणाले आम्ही देत नाही, आणि ते समुद्री जग कागदावरच पोहत राहिलं. वहिनींनी मग रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास सुचवलं. त्यांनी कुठल्याशा पुरवणीत वाचलं होतं की तिथं कासव महोत्सव असतो, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघून समुद्राकडं चालत जातात, आणि गावकरी पाहुण्यांना घरी ठेवून घेतात. घरी ठेवून घेतात म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. पण ही पिल्लं निघतात मार्च-एप्रिलच्या सुमाराला. कासवांनी आमच्या पोट्ट्यांच्या वार्षिक परीक्षेचा विचार केलेला नाही. महोत्सव संपल्यावर आमच्या सुट्या लागतात.

अहमदाबादच्या सायन्स सिटीत २०२१ पासून मोठं मत्स्यालय आहे, २८ मीटरच्या बोगद्यातून चालताना डोक्यावरून शार्क जातात. हा प्रस्ताव मी मांडला आणि मोठ्या मायनं तिथंच पाडला. "ते लोक वरनात साखर टाकतात." विषय संपला.

मग मोठ्या बाबांनी आपलं राखून ठेवलेलं पान टाकलं, तारापोरवाला! नोकरीत असताना ते कर्मचाऱ्यांच्या मोर्चाला मुंबईला गेले होते. मोर्चा आझाद मैदानाकडं आणि मोठे बाबा मरीन ड्राइव्हकडं. "लेका, एवढा मोठा समुद्र समोर फुकट पडला हाये, अन् लोक तिकीट काढून आत मासोया पाहातात!" हे ते आजही तितक्याच आश्चर्यानं सांगतात, आणि आपणही तिकीट काढलं होतं हे वगळतात. मी माहितीत भर घातली की ते मत्स्यालय १९५१ सालचं, उभारणीच्या ८ लाखांपैकी २ लाख तारापोरवाला नावाच्या पारशी दात्याचे, आणि उद्घाटनाला खुद्द राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद. २०१५ मध्ये नूतनीकरण करून आत काचेचा बोगदाही केला. एवढं सगळं ऐकवून झाल्यावर मला सांगावं लागलं की गेली काही वर्षं ते बंदच आहे.

"मंग एवढं कायले सांगतलं?" आई म्हणाली.

भाऊ व्यवहारी. त्यानं लोणारचा मुद्दा काढला. सकाळी निघालो तर रात्री घरी. उल्कापातानं झालेलं सरोवर, जगात नाव, पाणी खारं. २०२० च्या जूनमध्ये तर ते गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी रामसर यादीतही गेलं. पण मासा औषधालाही नाही.

"अन् सागरी प्राणी?" चिरंजीवांनी विचारलं.

"सागरी पानी तं हाये," भाऊ म्हणाला.

इथं आईनं तोंड उघडलं, आणि आई बोलते तेव्हा सभा तहकूब होण्याची शक्यता असते. "खारं पानी पाहाले लोणारले कायले जा लागते? वावरात बोअर मारा." आमचा अर्धा तालुका खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही आणि चहाला तर नाहीच. कोणे एके काळी इथवर समुद्राचा फाटा होता, असंही म्हणतात. खरं असेल तर आम्ही सहलीला काही लाख वर्षं उशीर केला, एवढाच त्याचा अर्थ. डॉल्फिन तेव्हा दारात आले असते.

शेवटी डोंबिवलीचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, "राणीच्या बागेत पेंग्विन आहेत ना!" तो पंचवीस वर्षांपूर्वी वऱ्हाड सोडून गेला आणि आता 'आहेत ना' असं बोलतो, तरी माणूस चांगला. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ साली दक्षिण कोरियाच्या सोलहून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन आणले. त्यातला एक काही महिन्यांत दगावला, केवढा गदारोळ झाला होता, आणि मार्च २०१७ पासून लोकांना ते पाहायला मिळू लागले. पुढं मुंबईतच त्यांना पिल्लं झाली.

"पण पेंग्विन तं पक्षी हाये," चिरंजीव कुरकुरले. मोठ्या बाबांनी निवाडा दिला, "उडत नाई, पोहते, मासोया खाते. मंग पक्षी कशाचा? नुसता दाखल्यावर पक्षी."

खरा फरक पडला तो तापमानाच्या आकड्यानं. पेंग्विनांचं घर १६ ते १८ अंशांवर ठेवतात, हे मी सहज बोलून गेलो. बाहेर अंगणात तेव्हा ४५ होते. कूलर दमट हवा फेकत होता, त्यातलं पाणी दोनदा भरून झालं होतं. क्षणभर सगळे गप्प. मग ज्या मोठ्या मायनं आतापर्यंत प्रत्येक गाव नाकारलं होतं, तिनं विचारलं, "तिथी किती वेळ बसू देतात?" मी म्हटलं, बसायचं नसतं, काचेपलीकडून पाहत पुढं सरकायचं असतं, मागून रांग येते. "पायाले गोळा आला म्हनाचं," ती म्हणाली. एकमत झालं. हम्बोल्ट पेंग्विन मुळात बर्फातले नव्हेतच, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, ही माझी माहिती त्या गारव्यात कोणाच्या कानावर गेली नाही.

आता तिकीट. २०१७ मध्ये महापालिकेनं राणीच्या बागेचं तिकीट ५ रुपयांवरून ५० केलं आणि लहान मुलांना २५. मात्र आई, वडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर सगळ्यांचे मिळून १००. हे वाचताच मोठ्या बाबांनी चष्मा लावला. कारण महापालिकेचं कुटुंब चौघांचं आणि आमचं अकराचं. आम्ही तिघं, भाऊ-वहिनी आणि त्यांची तीन पोरं, मोठे बाबा, मोठी माय, आई. माझ्याकडं एक मूल कमी आणि भावाकडं एक जास्त. म्हणजे आमचे सव्वाशे, त्यांचे सव्वाशे. पण भावाचं मधलं पोरगं फाटकापुरतं माझ्याकडं दिलं, तर दोन्ही कुटुंबं शंभर-शंभरात बसतात. पन्नास रुपये वाचतात. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं पाणीवाटप केलेल्या माणसाला हे वाटप म्हणजे किस झाड की पत्ती.

दत्तकविधान जेवणानंतर झालं. मधल्याला बजावण्यात आलं की फाटकावर मला काका नाही, बाबा म्हणायचं. त्यानं अट घातली की मग आइस्क्रीमही बाबाच देणार. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पन्नास वाचवून दीडशे जातील." आमचा खरा मुलगा रुसून बसला, त्याला मोबाइलमध्ये भागीदार नको होता. वहिनींना वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं, की देऊन टाकायला मधलाच का निवडला, लहानी जास्त त्रास देते. तालमीच्या वेळी मधल्यानं मला अगदी मनापासून 'बाबा' अशी हाक मारली आणि भाऊ उठून अंगणात गेला. फाटकावर कोणी काही विचारत नाही, दोन मोठे आणि दोन लहान मोजतात आणि सोडतात, असं आतेभावानं दोनदा सांगितलं. तालीम तरी सुरूच राहिली.

दिवस ठरवताना मोठ्या बाबांनी बुधवार धरला. गर्दी कमी, आणि बुधवारी कोणाचा उपास नाही. सोमवारी आईचा, गुरुवारी वहिनींचा, शनिवारी मोठ्या मायचा. उपासाच्या माणसाला घेऊन मुंबईत फिरणं म्हणजे साबुदाण्याच्या शोधात फिरणं, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण राणीची बाग नेमकी बुधवारी बंद असते.

"मंग बुधवारी पेंग्विन काय करतात?" लहानीनं विचारलं.

"पोहतच असतीन," मोठे बाबा म्हणाले. "पन कोनी पाहत नाई, म्हनून मन लावून."

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. आमच्या घरात ६० दिवस आधी कुठल्याही गोष्टीवर एकमत झाल्याची नोंद नाही. लग्नंसुद्धा त्याहून कमी मुदतीत जमली आहेत. शिवाय ऑनलाइन एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, म्हणजे सहा आणि पाच. यातही फाळणी आली, कारण पुऱ्यांचा डबा ज्या तिकिटावर, तिकडं सगळ्यांना जायचं होतं. मंगळवारच्या रात्रीची गाडी आम्ही सोडून दिली आणि गुरुवारच्या रात्रीची घेतली. वेटिंग आहे, पण भुसावळला कोणीतरी उतरतंच, अशी मोठ्या बाबांची पन्नास वर्षांची श्रद्धा आहे.

यानंतर मात्र सहलीला फांद्या फुटू लागल्या. मुंबईला जातोच आहोत तर महालक्ष्मी. महालक्ष्मी म्हटल्यावर सिद्धिविनायक. आत्याच्या नातीचं लग्न दिवाळीनंतर आहे, तर दादरला साड्या आताच पाहून ठेवू. येताना शेगावला उतरून गजानन महाराजांचं दर्शन घेतलंच पाहिजे, स्टेशनवर नुसती कचोरी खाऊन पुढं जाणं बरं दिसत नाही. मोठ्या बाबांनी तक्ता केला. त्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत सगळं बसलं, आणि पेंग्विनांना दुपारी सव्वातीन ते पावणेचार मिळाले, तेही 'वेळेत आटोपल्यास'. डॉल्फिनपासून सुरू झालेल्या बेतात सागरी प्राण्याच्या वाट्याला अर्धा तास यावा, हे मला अन्यायाचं वाटलं. मी तसं म्हणालोही. "पेंग्विन कुठी पळून चालला का? पळता येत नाई त्याले," मोठे बाबा म्हणाले आणि तक्त्यावर सही केली.

तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, जवसाची चटणी, ठेचा, दोन वेळचं लिहून झालं. अकरा माणसांना सतरा पिशव्या कशा लागतात, हे मी विचारणं सोडून दिलं आहे.

परवा दुपारी गच्चीवर पाऊल टाकवत नव्हतं, सिमेंट चटके देत होतं. मोठ्या मायनं लोखंडी पेटीतून सगळ्यांचे स्वेटर, मफलर आणि स्वतःची काळी शाल काढून दोरीवर उन्हाला टाकली होती. डांबरगोळ्यांचा वास दोन घरं पलीकडं जात होता. पेंग्विन काचेच्या आत आहेत, थंडी त्यांना आहे, आपल्याला नाही, हे मी तिला पुन्हा समजावून पाहिलं. तिचं एकच होतं, "काच फुटली तं?"

शेजारच्या काकूंनी डोक्यावर ओला टॉवेल धरून कुंपणावरून वर पाहिलं.

"काऊन वो, काश्मीरले चालल्या का?"

"नाई वो बाई," मोठी माय मफलर उलटा करत म्हणाली, "भायखळ्याले."