बेटावर बीडकर

लक्षद्वीपला निघालेल्यांना हल्ली उपदेश फार होतो: शॉवर नको, बादली घ्या, टॉवेल रोज धुवायला टाकू नका. बरोबरच आहे. बेटावर नदी नाही, गोडं पाणी वाळूखाली पातळ थरात. कवरत्तीत तर २००५पासून समुद्राचंच पाणी गोडं करून पितात. पण हे बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या माणसाला सांगायचं? त्याच्याकडं भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना जातं, भांड्यांचं कढीपत्त्याला. टँकर दिसला की घागर घेऊन पळणारी ही जात. जबाबदार पर्यटक जन्मजात!

कमी सामान, लांबचा मुक्काम, निसर्गातल्या साहित्याचं घर, हेही आमचे ऊसतोड कामगार दर दसऱ्यानंतर करतात. पाचटाच्या खोपीला दुसरीकडं ‘इको-हट’ म्हणतात आणि रात्रीचे हजारो रुपये घेतात. इथं मुकादम उलट उचल देतो. (फेडायची असते, एवढंच.)

बेटच हवं तर बीड शहरात कंकालेश्वर आहे, भर पाण्यात उभं. लक्षद्वीपसारखा परवाना लागत नाही. तिथं निर्माल्य पिशवीसकट पाण्यात सोडणारे गृहस्थ अंदमानात मात्र शिंपल्यालाही हात लावत नाहीत. तिथं विमानतळावर बॅग तपासतात.