झाडीपट्टीला जागरणाचे धडे

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत परीक्षांचा मोसम आला की नागभीडच्या अभ्यासिकांमध्ये भिंतीवर एक कागद चिकटतो: दीर्घ परीक्षेत सतर्क कसं राहावं. आदल्या रात्री आठ तास झोप घ्या. दोन पेपरांच्या मधल्या वेळेत हलकं खा. भरपूर पाणी प्या. वीस मिनिटांची डुलकी काढा. चहा बेतानं घ्या. मन प्रसन्न ठेवा. कागदाखाली कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या क्लासचा पत्ता असतो. त्यातली एकही गोष्ट खोटी नाही, हीच त्या कागदाची खोड आहे. खोटी असती तर पोरांनी हसून सोडून दिली असती. खरी असल्यामुळे ती पाळता येत नाही याचं ओझं पोरांच्याच डोक्यावर बसतं.

आठ तासांचंच घ्या. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेचा पहिला पेपर सकाळी दहाला असतो, पण केंद्रावर साडेआठला हजर व्हायचं असतं. केंद्र मिळालं चंद्रपूर. नागभीडहून सिंदेवाही, मूल करत चंद्रपूर शंभरेक किलोमीटर. म्हणजे उमेदवार घरातून निघणार पाचला, उठणार चारला, आणि त्याची आई उठणार तीनला, कारण पोरगं उपाशीपोटी जाता कामा नये. चारला उठून आठ तासांची झोप पुरी करायची तर आदल्या रात्री आठला डोळा लागला पाहिजे. त्या वेळी शेजारचे काका शुभेच्छा द्यायला येतात. "यंदा तरी होऊन जाईल ना बाप्पा?" एवढीच त्यांची शुभेच्छा असते, पण ती सांगून ते साडेनऊला उठतात. त्यानंतर जी झोप येते तिच्यात राज्यघटनेची कलमं एकमेकांच्या जागी जाऊन बसलेली असतात.

मग आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करावा, असं कुणी म्हणेल. करतात की. चंद्रपुरात एका नातेवाइकाच्या एका खोलीत तालुक्याचं सगळं भावी प्रशासन एका पंख्याखाली आडवं होतं. त्यात एक जण घोरतो. जो घोरतो तो पास होतो, अशी या भागात श्रद्धा आहे.

आता हलका आहार. हा सल्ला आमच्या तालुक्याला देणं धाडसाचं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी (मराठवाड्यातल्या वाचकांनी गडबडून जाऊ नये, हे आमचं नांदेड) दादाजी खोब्रागडे यांनी 1980 च्या दशकात शेतातल्या धानात वेगळ्या दिसलेल्या तीन लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या आणि एक बारीक, चवदार तांदूळ देशाला दिला. व्यापाऱ्यानं त्याला त्या काळच्या नावाजलेल्या घड्याळाचं नाव चिकटवलं: एचएमटी. दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं याच धानावरून आपलं वाण आणलं. स्पर्धा परीक्षेत 'एचएमटी कोणी विकसित केला' असा प्रश्न आला तर आमचं पोरगं चार पर्याय वाचून विचारात पडतं, कारण घरी ठाऊक असलेलं उत्तर आणि उत्तरतालिकेला मान्य असलेलं उत्तर एक असेलच, याची त्याला खात्री नसते. चूक झाली तर पाव गुण कापतात.

तर अशा तालुक्यातल्या उमेदवाराच्या डब्यात भात असणारच. दुपारी बाराला पहिला पेपर सुटतो, तीनला दुसरा सुरू होतो, आणि मधल्या तीन तासांत तो डबा उघडतो. मग तीन ते पाच सीसॅट: ऐंशी प्रश्न, लांबलचक उतारे, आणि 33 टक्के मिळाले नाहीत तर सकाळच्या पेपरचं सोनंही माती. झोपेचा अभ्यास करणारे सांगतात की दुपारी एक ते चारच्या दरम्यान माणसाच्या शरीरातलं घड्याळच मंदावतं. जेवलात तर जास्त जाणवतं, न जेवता बसलात तरी ते व्हायचंच. म्हणजे बिचाऱ्या भातावरचा आळ अर्धाच खरा. पण माणसाचा मेंदू दिवसभरात ज्या वेळी नेमका पेंगतो, त्याच वेळी त्याला जलसंधारणावरचा दीड पानी उतारा वाचायला द्यायचा, ही वेळ ज्यानं ठरवली त्याला शरीरशास्त्रात पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

भरपूर पाण्याचा सल्ला वाचून मुली एकमेकींकडे बघतात. परीक्षेला निघालेली मुलगी सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही, हे ज्याच्या घरात परीक्षा देणारी बहीण आहे त्याला सांगावं लागत नाही. केंद्र म्हणून घेतलेल्या शाळेचं प्रसाधनगृह कसं असेल, त्याला कडी असेल का, की कुलूपच असेल, याचा अंदाज तिनं पाचवीपासून बांधलेला असतो. शरीरात पाणी कमी झालं की लक्ष उडतं, डोकं दुखतं, हे तिनं सामान्य विज्ञानात वाचलेलं आहे. ते वाचूनच ती कोरड्या घशानं बसते आणि त्यावरचा प्रश्न बरोबर सोडवते.

डुलकीचं शास्त्र मात्र भक्कम आहे. नासानं लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेला प्रयोग 1995 साली प्रसिद्ध झाला. उड्डाणात सरासरी 26 मिनिटं झोपलेल्या वैमानिकांची कामगिरी 34 टक्क्यांनी सुधारली. पण त्या वैमानिकाच्या शेजारी दुसरा वैमानिक जागा होता आणि झोपायला खुर्ची होती. आमच्या उमेदवाराला बारा वाजता केंद्राबाहेर काढतात आणि फाटक लावून घेतात. तो फाटकासमोरच्या झाडाखाली पिशवी डोक्याशी घेऊन आडवा होतो. गजर लावायला मोबाइल नसतो. तो पानठेल्यावर जमा असतो. अडीचला गजर वाजतो तो पानठेल्यावर, एकदम चाळीस मोबाइलमधून. चाळीस गजरांनी पानठेलेवाला खडबडून जागा होतो. या परीक्षेत शास्त्रशुद्ध डुलकीचा लाभ आजवर त्यालाच झालेला आहे.

राहिला चहा. चहातलं कॅफिन मेंदूला 'तू थकलास' हा निरोप पोचू देत नाही, आणि निम्मं कॅफिन उतरायलाच चार-पाच तास लागतात. निरोप दाबून ठेवायचा, प्रश्न सुटला असं समजायचं आणि काही तासांनी तो दुप्पट जोरानं परत आला की पुन्हा दाबायचा, ही कार्यपद्धती भावी अधिकाऱ्याला टपरीवरच शिकायला मिळते. अभ्यासक्रमात ती वेगळी घालायची गरज नाही.

पण हे सगळे राज्यसेवेचे लाड झाले. 2023 ची तलाठी भरती आठवा. 4,644 जागा, दहा लाखांवर अर्ज, शुल्क हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. ऑनलाइन परीक्षा 17 ऑगस्टपासून 14 सप्टेंबरपर्यंत, दिवसाला तीन पाळ्या. 21 ऑगस्टला सर्व्हर बंद पडला आणि सकाळी नऊची पाळी राज्यभर ताटकळली. रात्रभर प्रवास करून आलेली पोरं संगणकासमोर बसली होती, आणि झोप लागली होती ती संगणकाला. सतर्क राहण्याविषयीचा कागद तिथं कुणी चिकटवला नव्हता.

पुढे निकाल आला तेव्हा 200 पैकी 214 गुण मिळालेलं माणूस महाराष्ट्रानं पाहिलं. खुलासा झाला की वेगवेगळ्या पाळ्यांचे पेपर कमी-जास्त अवघड असतात, म्हणून गुणांचं सामान्यीकरण करतात. असेल. डेन्मार्कमध्ये शाळकरी मुलांच्या चाचण्या तपासून 2016 साली एक अभ्यास निघाला, की परीक्षा दिवसात जितकी उशिरा तितके गुण घसरतात आणि आधी वीस-तीस मिनिटं सुट्टी दिली की भरून निघतात. तेव्हा दुपारच्या पाळीला पेंगेचे पाच-सात गुण वाढवून दिले असते तर आम्हीही मान डोलावली असती. पण 200 पैकी 214? एवढं जागं राहणं माणसाला शक्य नाही.

वनरक्षकाची भरती त्या मानानं प्रामाणिक. तिथं थकवा लपवत नाहीत, उघड मोजतात: पुरुषांना पाच किलोमीटर धाव तीस मिनिटांत, आणि निवडीच्या शेवटी 25 किलोमीटर चाल चार तासांत. महिलांना सोळा. आमच्या पोरांना या चालीचं काही वाटत नाही. सतर्कतेचंही नाही. ब्रह्मपुरी वनविभागात एप्रिलच्या पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईनं कुठलंही शिबिर केलेलं नसतं. तिथलं निगेटिव्ह मार्किंग वेगळं असतं.

जग मात्र परीक्षा फार मनावर घेतं. जुन्या चीनमध्ये नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांवर कोठड्या होत्या. उमेदवाराला तीन दिवस आणि दोन रात्री आत कोंडत. क्रूर म्हणाल, पण कोठडीत दोन फळ्या असत: दिवसा एकीवर बसायचं, दुसरीवर लिहायचं, आणि रात्री दोन्ही जोडून झोपायचं. सम्राटाला ठाऊक होतं की माणूस झोपतो. दक्षिण कोरियात नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. त्या दिवशी शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो, उशीर झालेल्या पोराला पोलीस गाडीवर बसवून केंद्रावर सोडतात, आणि इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीची 35 मिनिटं देशभरात एकही विमान उतरत नाही की उडत नाही. आमच्याकडे नीटची परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला असते. ब्रह्मपुरीचा पारा तेव्हा पंचेचाळीस गाठण्याच्या तयारीत असतो आणि तो दिवस हमखास लग्नाच्या तिथीचा असतो. विमानांचं सोडा, नवरदेवाचा बँड पाच मिनिटं थांबवून दाखवा.

नागपूरला केंद्र आलं तर पूर्वी नागभीडहून नॅरोगेजची गाडी होती. ती इतकी सावकाश जायची की इतिहासाची एक उजळणी व्हायची. 2019 च्या नोव्हेंबरात रूळ रुंद करण्यासाठी ती बंद झाली. तेव्हापासून उजळणी बसमध्ये उभ्यानं होते.

आणि मुळात दोन तासांच्या परीक्षेला दीर्घ म्हणायचं कशाला? दीर्घ तर पुढेच आहे. 2024 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा 28 एप्रिलला ठरली होती. ती पुढे गेली. मग पुन्हा पुढे गेली. 25 ऑगस्टची तारीख आली तर त्याच दिवशी बँकेची परीक्षा निघाली, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, आणि अखेर 1 डिसेंबरला पेपर झाला. 2021 मध्ये 14 मार्चचा पेपर 11 मार्चला पुढे ढकलला होता. तेव्हाही पोरं रस्त्यावरच होती. एप्रिलच्या पेपरसाठी मार्चमध्ये जागरण करून पाठ केलेल्या चालू घडामोडी डिसेंबरात इतिहासाच्या पेपरलाही जुन्या वाटतात. या सात महिन्यांत हलका आहार घ्यायचाच असतो, कारण मेसचे पैसे संपत आलेले असतात. अशी आवर्तनं करता करता खुल्या प्रवर्गातलं पोरगं अडतिशीला टेकतं. परीक्षागृहातले ते दोन तास हा या सगळ्या काळातला विश्रांतीचा भाग असतो. तिथं निदान 'काय करून राह्यलास बे सध्या?' असं कुणी विचारत नाही.

म्हणून आमचा एक प्रस्ताव आहे. पूर्व परीक्षा घेण्याचं काम झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांना द्यावं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात त्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. दिवाळी झाली की होळीपर्यंत, मंडई असो की शंकरपट, या कंपन्या गावोगाव नाटक लावतात. खेळ रात्री दहाच्या सुमारास उभा राहतो आणि पहाटे संपतो. डिसेंबरच्या थंडीत, जमिनीवर, चादर पांघरून बायाबापडे रात्रभर टक्क जागे असतात आणि सकाळी धानाच्या कामाला जातात. या लोकांना जागं राहायला शिकवणारा कागद चिकटवणं म्हणजे घोडाझरीच्या तलावातल्या माशाला पोहण्याचा क्लास लावणं.

व्यवस्था सगळी तयार आहे. जनरेटर त्यांचा, मंडप त्यांचा, सर्व्हरची गरज नाही. केंद्र उमेदवाराच्या गावात येतं, उमेदवाराला केंद्राच्या गावी जावं लागत नाही. पाहुणे आधीच बोलावलेले असल्यामुळे तारीख बदलायची कुणाची छाती नाही. पहिला पेपर रात्री दहा ते बारा, मग एक लावणी, मग सीसॅट. लावणीनंतर कोण पेंगतो ते आम्हीही बघू. प्रॉम्प्टर तेवढा काढून टाकावा लागेल. इथल्या नाटकाला तो लागतो, परीक्षेला चालत नाही. आयोगाला एकच गोष्ट जड जाईल: या नाटकांत खलनायकाचा निकाल त्याच रात्री लागतो.

सुरुवात वडशापासूनच करावी. पहिल्या वर्षी पुण्याच्या सगळ्या उमेदवारांना केंद्र वडसा द्यावं. हजर राहण्याची वेळ सकाळी साडेआठ. सोबत तो कागदही पाठवावा, म्हणजे त्यांना आदल्या रात्री आठ तास झोपायचं लक्षात राहील.