दिलगिरी व्यक्त करण्याची शास्त्रोक्त पद्धत

बदलापूरकराला दिलगिरी शिकवावी लागत नाही. सकाळी फलाटावर उभं राहिलं की ती डोक्यावरच्या भोंग्यातून येतेच: तांत्रिक कारणामुळे गाडी उशिराने धावत आहे, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जायला एक आणि यायला एक मार्ग, त्यावरच लोकल, मेल आणि मालगाडी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण 'तांत्रिक' म्हटलं की विषय मिटतो. तरीही उल्हासनगर-अंबरनाथमधल्या होतकरू नगरसेवकांसाठी आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांसाठी काही नियम देतो. मी स्वतः सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे अधिकार आहे.

पहिला नियम, कर्ता गाळा. मराठी या कामी फार कनवाळू आहे. 'मी कप फोडला' म्हणायची सक्ती नाही, कप फुटतो. 'मी कळवलं नाही' हा उद्धटपणा झाला; 'कळवायचं राहून गेलं' म्हणावं. या 'राहून गेलं'वर आपली कित्येक कार्यालयं चालतात आणि माझा संसारही.

दुसरा, 'क्षमस्व' लिहा. रस्ता खणला की कडेला फलक लागतो: 'विकासकाम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व', आणि भोवती आठ-दहा हसरे चेहरे. क्षमस्व हे संस्कृतातलं आज्ञार्थी रूप, 'तू क्षमा कर'. म्हणजे खड्डा त्यांनी खणायचा, पडायचं आपण, आणि वर काम लावलंय तेही आपल्यालाच.

तिसरा, 'भावना दुखावल्या असतील तर'. यातला 'तर' विसरू नका. बास.

चौथा नियम महत्त्वाचा. दोषी असा निवडा की ज्याला नोटीस बजावता येत नाही. पाऊस चांगला, वारा त्याहून चांगला. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ला पुतळा कोसळला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याकडे बोट दाखवलं. अंबरनाथ-बदलापूर दरम्यान लोकलच्या दारात लटकणारा रोज याहून जास्त वारा खातो, आणि एका हाताने मोबाइलही बघतो. पुढे माफ्या आल्या. ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांनीही मागितली. पण पहिला मान वाऱ्याचा. महाराजांचा पुतळा नऊ महिनेसुद्धा टिकू नये याची मला अजून लाज वाटते, आणि मी तर त्याचा साधा बोल्टही आवळला नव्हता.

पाचवा, अति करू नका. एप्रिल २०१३मध्ये धरणातल्या पाण्यावरून जीभ घसरल्यावर अजित पवारांनी माफी मागितली, शिवाय कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. उन्हाळ्याचे दिवस, उपाशी बसायचं, आणि लोक तरी कुठे विसरले?

एवढं सगळं येत असूनही मागच्या महिन्यात मी फसलो. सकाळी वरची टाकी कोरडी. मी फळ्यावर नोटीस लावली: 'तांत्रिक कारणामुळे पाणी नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं.

"तांत्रिक म्हणजे काय हो? मोटार जळली?"

"नाही काकू, रात्री पंप लावायचा राहून गेला."

"कुणाचा?"

या प्रश्नावर नियम नाही. मी घरी येऊन नवी नोटीस लिहिली: 'काल पंप लावायला सेक्रेटरी विसरले.' माझ्या मते हा आत्मक्लेशच होता. संध्याकाळी बघतो तर काकूंनी 'सेक्रेटरी' खोडून वर लाल पेनाने 'मी' लिहिलं होतं. अक्षर सुरेख आहे त्यांचं. फक्त पुढचं 'विसरले' बदलायचं त्यांच्याकडून राहून गेलं. त्यामुळे फळ्यावर आता 'काल पंप लावायला मी विसरले' असं आहे, त्यातला 'मी' काकूंच्या अक्षरात, आणि तळमजल्यावरच्या दोघी-तिघी त्यांच्याकडे रागाने बघतायत.

मी ती नोटीस अजून काढलेली नाही.