अडीचशे रुपयांचा माज

मार्च २०२३. लंडनहून मुंबईला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात एक प्रवासी शौचालयात सिगारेट ओढताना सापडला. कर्मचाऱ्यांनी सिगारेट काढून घेतली, तर तो त्यांच्यावरच ओरडू लागला. पुढे त्याने विमानाचं दार उघडायचा प्रयत्न केला, अशी कर्मचाऱ्यांची तक्रार होती. अखेर हातपाय बांधून त्याला आसनावर बसवावं लागलं. सहार पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि अंधेरीच्या न्यायालयाने पंचवीस हजारांचा जामीन दिला. तो म्हणाला, मी इंटरनेटवर वाचलंय, कलम ३३६ ला दंड अडीचशे रुपये आहे, तेवढेच भरतो. न्यायालयाने त्याची रवानगी तुरुंगात केली.

चीड येते ती त्याने वाचलेलं खरं होतं म्हणून. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याची किंमत भारतीय दंडसंहितेने तीन महिने कैद किंवा अडीचशे रुपये इतकीच ठरवली होती. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि दंड अडीच हजार झाला. विमानविषयक नियमांची कलमं वेगळी लागतात हे खरं. पण परदेशी तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला अडीच हजारांनी काय धाक बसणार?

आणि धूर ही विमानात किरकोळ गोष्ट नव्हे. ११ जुलै १९७३ ला पॅरिसजवळ वारिग कंपनीच्या विमानात मागच्या शौचालयात आग लागली. धुराने विमान भरलं आणि १२३ माणसं गेली. कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या सिगारेटवर संशय होता. शौचालयाच्या दाराजवळ आजही राखदाणी असते ती याच धड्यामुळे. बंदी मोडून कुणी ओढलीच, तर निदान थोटूक कागदांच्या डब्यात जाऊ नये.

म्हणजे सिगारेट हिसकावणारी हवाईसेविका प्रवाशाचा अपमान करत नव्हती, शेकडो जणांचा जीव वाचवत होती. चहा-सँडविच हे तिचं दुय्यम काम. अर्धी दारं बंद असली तरी नव्वद सेकंदांत सगळं विमान रिकामं करता आलं पाहिजे, हा जगभरचा निकष आहे. तो प्रत्यक्षात उतरवायचा तो तिने. घाटकोपर पूर्वेला नीरजा भनोत चौक आहे. सिग्नलला थांबणाऱ्यांपैकी किती जणांना आठवतं? ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन अॅमचं विमान कराचीत अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं. प्रवाशांना बाहेर काढताना त्या विमानातली हवाईसेविका नीरजा गोळ्यांना बळी पडली, तेव्हा तिने तेविशीही गाठली नव्हती. अशोक चक्र तिला उगाच नाही मिळालं.

सिगारेटचा तो प्रकार घडला त्याच मार्चमध्ये, २०२३ ला, दुबईहून येणाऱ्या विमानात दोघांनी दारू पिऊन शिवीगाळ केली. त्यांनाही सहार पोलिसांनी पकडलं. आखातात वर्षभर राबून घरी परतणारे दोघे, आनंदात तोल गेलेले. गुन्हा तो गुन्हाच, पण त्यांच्याबद्दल मला थोडी कणव वाटते. खासदारांबद्दल मात्र मुळीच नाही. २३ मार्च २०१७ ला उस्मानाबादचे शिवसेना खासदार रवींद्र गायकवाड यांनी दिल्लीत एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारलं आणि कॅमेऱ्यासमोर ते अभिमानाने सांगितलं. तक्रार काय, तर तिकीट बिझनेस क्लासचं आणि विमानात तो वर्गच नाही. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली. संसदेत त्यांनी सभागृहाची माफी मागितली, मार खाल्लेल्या माणसाची मागणार नाही म्हणाले. विमान वाहतूक मंत्र्यांना खेदाचं पत्र गेलं आणि ७ एप्रिलला बंदी उठली. पुरते सोळा दिवसही झाले नव्हते! बेशिस्त प्रवाशांवरच्या बंदीचे नियम त्यानंतर सप्टेंबरात आले: तोंडाच्या बेशिस्तीला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास सहा, जिवावर बेतणाऱ्या कृत्याला किमान दोन वर्षं.

प्रवाशाला गाऱ्हाणं नसतंच, असं मी म्हणत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान धुक्यामुळे मुंबईकडे वळवलं गेलं आणि ताटकळलेले प्रवासी विमानं उभी राहतात त्या जागेत जमिनीवर बसून जेवले. त्यांचा संताप शंभर टक्के रास्त होता. त्यापायी कंपनीला एक कोटी वीस लाखांचा दंड झाला, तो कंपनीला झाला हेच योग्य. धुकं, वळवलेलं विमान, वेळापत्रक यांतलं काहीही ट्रॉली ढकलणाऱ्या मुलीच्या हातात नसतं. पहाटे तीनला मरोळच्या भाड्याच्या खोलीतून निघालेली असते ती, आणि उशीर झाला की तिचाही दिवस लांबतो. विमान दोन तास रखडलं, तर निर्णय घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्याला कंपनीने गेटवर उभं करावं आणि प्रवाशांनी जाब त्याला विचारावा.